टर्की रनपलीकडची अकरा घरं

मंगळवार, १४ नोव्हेंबर २०२३. पहाटे ४ वाजून ५० मिनिटं.

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून दोन पेन्सिली तासतो आहे. आई अजून झोपली आहे. पाच वाजता रॉस टिल्मन मला घ्यायला येणार आहेत. त्यांच्या पार्सल पोचवण्याच्या तीन फेऱ्या आहेत आणि त्या मी विकत घ्यायचं चाललं आहे. आज सगळ्यात लांबच्या फेरीवर त्यांच्या शेजारी बसून प्रत्येक थांबा स्वतः मोजणार. आधी मोजू द्या, असं मीच म्हणालो होतो. वाटलं होतं त्यांना राग येईल. ते म्हणाले, "बाळा, न मोजता घेणाऱ्याला मी विकणारच नाही."

ही वही नवी आहे. अकरावीत शाळा सोडल्यापासून इतकं लिहायची सवय नाही, म्हणून शब्दकोश जवळ ठेवला आहे. उद्या कोणी फसवलंच तर तारीख-वेळेसकट लिहिलेलं असावं.

संध्याकाळी ६:३०. एकूण थांबे ११८. मैल ९४. या फेरीवर एरवी वॅनेटा क्रॉस नावाची बाई असते. तिला आज रॉसनी सुट्टी दिली होती. दुपारी १२:२० ला टर्की रन ओढ्याच्या अलीकडे, पशुखाद्याच्या दुकानापाशी थांबलो. तिथे कॉफी मिळते. रॉस म्हणाले, आत जा, सफरचंदाचा केक खा, माझ्या नावावर सांग. केक चांगला होता (३.२५, रॉसनी दिले). बाहेर आलो तेव्हा रॉस एका हडकुळ्या म्हाताऱ्याशी बोलत होते. तो त्याच्या चारचाकी मोटरसायकलवर बसून निघून गेला. ओढ्यापलीकडचे अकरा थांबे मी डोळ्यांनी बघितले नाहीत, पण रॉसच्या हातातल्या यंत्रात ते 'पोचवले' असे दिसत होते, म्हणून धरले. कागदावर ११८, माझ्या वहीत ११८. एकाचाही फरक नाही.

शनिवार, १८ नोव्हेंबर.

रॉस जेवायला आले होते. आईने उकडून कुस्करलेल्या बटाट्यांवर चिकन-नूडल्स केले. जेवणाआधी रॉसनी प्रार्थना म्हटली. ते चर्चच्या कारभाऱ्यांपैकी आहेत, बाबांच्या अंत्यविधीत पेटीला खांदा द्यायला तेही होते.

आईने विचारलं, रस्ते तर सरकारचे असतात, मग ते विकत कसे घ्यायचे? मला तिची लाज वाटली. रॉसनी समजावून सांगितलं की रस्ता नव्हे, त्या रस्त्यावरची पार्सलं पोचवायचं कंत्राट. कंपनी दर वर्षी ते नवं करते. गेली सतरा वर्षं सतरा वेळा झालं.

"अठराव्या वेळी नाही केलं तर?" आई म्हणाली.

"अर्डिथ, उद्या सूर्य उगवेल का हेही मला लेखी कोणी दिलेलं नाही."

आई हसली नाही. तिने त्यांच्या ताटात आणखी बटाटे वाढले.

किंमत १,८६,००० डॉलर. ६१,००० आता रोख, आईच्या घरावर बँकेकडून काढून. उरलेले १,२५,००० रॉस स्वतःच उधार ठेवणार, महिन्याला २,१०० चा हप्ता. बँकेने नाही म्हटलं ते रॉसनी हो म्हटलं. कंत्राट गेलं तर ट्रक आणि फेऱ्यांवरचा हक्क रॉसकडे परत, आणि उरलेली उधारी माफ. हे कलम मी तीन वेळा वाचलं. माझ्याच फायद्याचं आहे.

मंगळवार, १९ डिसेंबर.

आईने सही केली. बाबांनी या घराचा शेवटचा हप्ता भरला त्या दिवशी त्यांनी आवारात कर्जाचा कागद जाळला होता, आणि आम्ही त्या जाळावर सॉसेज भाजले होते. बँकेतून बाहेर पडताना आई त्याच गोष्टीवर बोलत होती. मी म्हणालो, दहा वर्षांत पुन्हा जाळू.

मग डेपोत गेलो. तिथल्या व्यवस्थापक हॉलिसबाई. कंपनीची मंजुरी त्या देतात. त्या वरही न बघता म्हणाल्या, "हे मी प्रत्येकाला तीनदा सांगते. तुम्ही आमचे नोकर नाही. ट्रक तुमचे, माणसं तुमची, चुका तुमच्या." आणि खरंच तीनदा सांगितलं. मी वहीत उतरवलं आणि 'ट्रक तुमचे' याखाली रेघ मारली. सव्विसाव्या वर्षी तीन ट्रक.

मंगळवार, २ जानेवारी २०२४.

पहिला दिवस. तीन फेऱ्या, तीन माणसं. गावातली मी घेतली. दुसरी कर्बी, रॉसचा पुतण्या, तिशीचा, हसतमुख. तिसरी, लांबची, वॅनेटा. वय ५८, चौदा वर्षं याच फेरीवर, गुडघ्याला पट्टा. डेपोत सगळ्यांसमोर मला म्हणाली, "या मालक. पेन्सिल आणलीत ना?" लोक हसले. म्हणजे मी मोजायला गेलो होतो हे तिला कोणीतरी सांगितलं आहे.

ट्रक भरून झाल्यावर तिने मला बाजूला घेतलं. "रॉसने तुला टर्की रनचं सांगितलं का?"

मी म्हणालो, सगळं सांगितलं आहे. टर्की रनचं काय ते मला ठाऊक नव्हतं, पण पहिल्याच दिवशी नोकराला विचारायचं?

"मग शुक्रवारचे चाळीस?"

मी स्पष्ट सांगितलं की रोख कोणालाही काही मिळणार नाही. माझ्याकडे जे होईल ते कागदावर. तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

"बरं," म्हणाली. "मी बघते."

पहिल्या दिवशी चाळीस डॉलर मागते. नोंद करून ठेवतो.

शुक्रवार, १९ जानेवारी.

कर्बीच्या ट्रकचा गिअरबॉक्स गेला. दुरुस्ती ४,१००. कर्बीने त्याच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये लावून दिला, नाहीतर आणखी पडले असते. गडी कामाचा आहे. त्याने निघताना सहज विचारलं की वॅनेटा रोज साडेपाचच्या पुढे का येते. फेरी तर पाचला संपायला हवी. मग म्हणाला, "मी काही बोललो नाही हं."

सोमवार, १२ फेब्रुवारी.

वॅनेटाच्या ट्रकचे मैल पाहिले. रोज ९४ च्या जागी १०१ ते १०६. डिझेलही त्या मानाने जास्त. सात ते बारा मैल रोज कुठे जातात? पगार, डिझेल, दोन्ही हप्ते जाऊन या महिन्यात हातात काही उरलं नाही. १,६४० चा खड्डा पडला. तो या मैलांतूनच पडत असेल.

शुक्रवार, ८ मार्च.

प्रत्येकी १८९ ची तीन यंत्रं घेतली. ट्रक कुठे उभा आहे हे त्यांतून फोनवर दिसतं. तिन्ही ट्रकमध्ये बसवली म्हणजे एकट्या तिलाच वाटायला नको. लगेच सापडलं. रोज १२:१५ च्या सुमारास टर्की रनच्या दुकानापाशी बावीस मिनिटं. आणि चारनंतर काही घरांकडे ट्रक दुसऱ्यांदा जातो.

कंपनीच्या नोंदीही बघितल्या. पलीकडची अकरा घरं रोज सहा मिनिटांत 'पोचवली'. सहा मिनिटांत अकरा घरं कोणालाही जमणार नाहीत. पार्सलं जातात कुठे?

पण एकाही घराची तक्रार नाही. हेच मला सगळ्यात संशयास्पद वाटतं. माझ्या गावातल्या फेरीवर आठवड्याला तीन तक्रारी येतात. कर्बीच्या पाच. तिची एकही नाही. पार्सलं हरवतात आणि कोणी ओरडत नाही, म्हणजे ओरडणाऱ्यांनाही वाटा मिळत असणार.

मंगळवार, २ एप्रिल.

तिला आडून विचारलं. म्हटलं, टर्की रनला सगळं ठीक चाललं आहे ना?

"तुला माहीत आहे ना सगळं?" ती म्हणाली. "तूच म्हणालास."

चारनंतर काही घरी दुसऱ्यांदा का जाते, हेही विचारलं. म्हणाली, दुपारी ज्यांच्या फाटकाला कुलूप असतं त्यांच्याकडे जाते, नाहीतर यंत्रात 'परत' लिहावं लागेल आणि कंपनीकडे तुझे गुण कापले जातील. तयार उत्तर होतं. उत्तरं इतकी तयार कोणाची असतात?

गुरुवार, १६ मे.

माझी फेरी अकरापर्यंत संपवून आईची गाडी घेतली आणि टर्की रनला कोठाराच्या आडोशाला उभी केली. १२:१७ ला वॅनेटा आली. १२:१९ ला तोच नोव्हेंबरमधला म्हातारा, चारचाकीला मागे छोटी गाडी जोडलेली. तिने एकेक खोकं त्यात रचलं. चौदा खोकी, दोन पाकिटं. प्रत्येकावर ती यंत्र टेकवत होती, म्हणजे 'पोचवलं' तिथेच होत होतं. १८ फोटो काढले.

म्हातारा ओढ्यावरच्या पुलावरून पलीकडे गेला. पुलाच्या तोंडाशी पिवळी पाटी आहे, उन्हात चकाकत होती म्हणून वाचता आली नाही. माझं लक्ष खोक्यांवर होतं.

शुक्रवार, १७ मे.

पुन्हा गेलो. आज तिने पर्समधून दोन नोटा काढून म्हाताऱ्याला दिल्या. हे मला चक्रावून टाकणारं आहे. चोरीच्या मालाचे पैसे त्याने तिला द्यायला हवेत. जेवताना आईला उदाहरण म्हणून विचारलं, नाव न घेता. आई म्हणाली, मजुरी देत असेल.

आईला धंद्यातलं कळत नाही. मी असं धरतो आहे की माल म्हातारा विकतो, पैसे आधी तिच्याकडे येतात आणि शुक्रवारी ती त्याचा वाटा देते.

रविवार, ९ जून.

चर्चनंतर रॉसना गाठलं. सगळं सांगितलं. ते बराच वेळ टोपी फिरवत राहिले. म्हणाले, वॅनेटा चांगली बाई आहे, मी तिच्याविरुद्ध शब्द काढणार नाही. मग म्हणाले, पण बाळा, तू प्रामाणिक आहेस आणि प्रामाणिक माणसाला झोप लागत नाही हे मला माहीत आहे.

रॉसनी हाच व्यवहार कधी बघितला नव्हता का, असं विचारायचं मनात होतं. पण त्या माणसाने मला आपणहून मोजू दिलं होतं. नाही विचारलं.

कर्बी पार्किंगमध्ये भेटला. म्हणाला, कंपनीचा तक्रारीचा पत्ता आहे, नाव न देताही कळवता येतं. "पण गड्या, नाव दिलंस तर वजन येतं. तू मालक आहेस."

सोमवार, १५ जुलै.

तक्रार पाठवली. चार संध्याकाळी लागल्या. प्रत्येक शब्द शब्दकोशात पाहिला. तारखा, वेळा, अकरा घरांचे पत्ते, २६ फोटो. खाली माझं पूर्ण नाव आणि कंत्राटाचा क्रमांक. शाळेत माझ्या एकाही निबंधाला शेरा चांगला मिळाला नाही, पण हे वाचून मलाच बरं वाटलं.

आई म्हणाली, आधी त्या बाईशी बोलायचं होतंस. मी म्हणालो, आई, संशयिताला आधी सांगायचं नसतं.

मंगळवार, २३ जुलै.

सकाळी डेपोच्या दारात वॅनेटाचं ओळखपत्र चाललं नाही. तिने तीनदा लावून बघितलं. मग हॉलिसबाई बाहेर आल्या आणि दोघी काही बोलल्या. वॅनेटाने ट्रकमधून तिची बसायची गादी, थर्मास आणि कुत्र्यांच्या बिस्किटांचा डबा काढला. ते घेऊन माझ्या जवळून निघून गेली. कर्बी म्हणाला, वाईट वाटतं. मलाही वाटलं, पण बरोबर होतं.

बुधवार, २४ जुलै.

तिची फेरी आज मी घेतली. १२:४० ला टर्की रनला पोचलो. दुकानाशी न थांबता ट्रक सरळ पुलाकडे नेला.

पिवळी पाटी: वजनाची मर्यादा ३ टन. खाली मागच्या वर्षीची, ऑगस्टची तारीख. माझा ट्रक रिकामाच चार टनांचा आहे.

यंत्रातला नकाशा पुलावरूनच जा म्हणत होता. दुसरा रस्ता शोधला तर खालच्या धरणावरून वळसा घालून ३१ मैल. जाऊन-येऊन ६२, तेही अकरा घरांसाठी. शेवटचा मैल नुसता चिखल. ट्रक दोनदा रुतला. सात घरं झाली, चार 'परत' लिहिली. रात्री आठला डेपोत.

पहिल्याच घराशी ऑर्फा डिल नावाची म्हातारी फाटकावर उभी होती. ट्रक धरणाच्या बाजूने आलेला बघून घाबरली. म्हणाली, वॅनेटा आजारी आहे का? दुसऱ्या घरी विचारलं, वॅनेटा आजारी आहे का? सातही घरी तेच.

परतताना तो हडकुळा म्हातारा त्याच्या आवारात दिसला. नाव एमेट. मी मालक आहे हे सांगितलं. त्याने सगळं एका दमात सांगितलं, लपवण्यासारखं त्यात काही नव्हतंच. पुलावर पाटी लागली तेव्हा रॉसने त्याला ठरवून दिलं. चारचाकी पुलावरून जाते, म्हणून खोकी तो पलीकडे घरोघरी नेतो. आठवड्याला चाळीस डॉलर. जानेवारीपर्यंत रॉस द्यायचा, तेव्हापासून वॅनेटा.

"कंपनीकडून देते का?" मी विचारलं.

"पर्समधून देते," एमेट म्हणाला. "दुधाच्या पैशांतून काढल्यासारख्या विसाच्या दोन नोटा."

मग शुक्रवारचे चाळीस म्हणजे ते. २ जानेवारीची नोंद उघडून वाचली. अक्षर सुरेख आहे.

रॉस सांगायला विसरले असतील. त्रेसष्ट वर्षांचे आहेत.

सोमवार, २९ जुलै.

कंपनीचं पत्र आलं. वाटलं आभाराचं असेल. पाकिटावर माझं नाव, आत वॅनेटाबाईंचा एका ओळीत उल्लेख, बाकी सगळं माझ्याबद्दल. कंत्राटदाराच्या माणसाने पार्सलं त्रयस्थाकडे सोपवली, खोट्या नोंदी केल्या, कंत्राटदाराला मे महिन्यापासून माहीत होतं. कंत्राट तीस दिवसांत संपुष्टात.

हॉलिसबाईंकडे गेलो. म्हटलं, हे मीच तर कळवलं होतं.

"हो," त्या म्हणाल्या. "लेखी. फोटोंसकट. पंधरा वर्षांत इतकी स्वच्छ तक्रार मी वाचली नव्हती."

"मी तिच्याविरुद्ध तक्रार केली."

"ती आमची कोणी नाही, लाइल. तुमची आहे. तुम्ही तुमच्याच विरुद्ध तक्रार केलीत." मग खुर्ची जरा पुढे घेतली. "मला येऊन तोंडी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, पुलाचं कंपनीला कळवा, नकाशा बदलून मागा, वळशाचे पैसे मागा. लेखी आल्यावर माझ्या हातात काही राहत नाही."

चुका तुमच्या. १९ डिसेंबरला त्यांनी तीनदा सांगितलं होतं. मी दुसऱ्याच ओळीखाली रेघ मारली होती.

आईला सांगितलं. तिने हातातली सोललेली काकडी पुन्हा सोलायला घेतली. घराचं काय, एवढंच विचारलं. मी म्हणालो, हप्ते भरत राहिलं तर राहील. महिन्याला ७५६, अजून साडेनऊ वर्षं. ट्रक नाहीत, फेऱ्या नाहीत, हप्ता आहे.

शनिवार, १० ऑगस्ट.

रॉस आले. या वेळी जेवायला थांबले नाहीत. डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, कलमाप्रमाणे ट्रक परत घेतो आणि उरलेली सगळी उधारी माफ, एक पैसा मागणार नाही. कागद बरोबर आणला होता. फेऱ्यांचं पुढे काय, तर कंपनी सध्या कर्बीच्या नावाचा विचार करते आहे. माणसांचं काम सुटू नये एवढाच हेतू.

पुलाचं विचारलं. म्हणाले, "सांगितलं असेन बाळा. तू त्या दिवशी केक खात होतास."

मी सही केली. ते गेल्यावर आई खिडकीतून त्यांचा ट्रक वळेपर्यंत बघत राहिली.

"पत्र तुला सोमवारी आलं," ती म्हणाली. "त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, चर्चमध्ये याची बायको मला धीर देत होती. मला वाटलं माझ्या दुखऱ्या गुडघ्याबद्दल."

मी वही काढली. पण याची नोंद कुठल्या तारखेखाली करायची ते कळेना.

शनिवार, १७ ऑगस्ट.

वॅनेटाबाईंच्या घरी गेलो. त्या ओसरीवर शेंगा मोडत बसल्या होत्या. बस म्हणाल्या नाहीत, म्हणून पायरीवर उभा राहिलो. त्यांची दोन कुत्री येऊन माझे हात हुंगून गेली. त्यांना शाळेच्या बसवर सकाळचं काम मिळालं आहे, पगार निम्मा.

"मी विचारलं होतं तुला," त्या म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी."

"हो."

"तू म्हणालास, सगळं माहीत आहे."

"माहीत नाही म्हणायची लाज वाटली."

"आणि मला चोर ठरवताना नाही वाटली."

त्यांनी एक शेंग मोडली, किडकी निघाली, ती कुत्र्यापुढे टाकली. कुत्र्याने खाल्ली नाही. मग त्यांनी विचारलं की इतकं सगळं मोजलंस, रॉसवर कधी संशय आला नाही का? मी म्हणालो, त्यांनी मला मोजू दिलं होतं.

त्या हसायला लागल्या. इतक्या की शेंगांचं पातेलं खाली ठेवावं लागलं. मग डोळे पुसले आणि म्हणाल्या, "बस खाली. उभ्याने शेंगा मोडता येत नाहीत."

पातेलं संपेपर्यंत बसलो. चाळीस डॉलर स्वतःचे का देत होतात, असं विचारलं. त्या म्हणाल्या, तू देणार नव्हतास, एमेटचं पेट्रोल तर लागतंच, आणि ऑर्फा डिल दिवसभर फाटकावर उभी राहते.

मंगळवार, ३ सप्टेंबर.

टर्की रनच्या पशुखाद्याच्या दुकानात पोती उचलायचं काम धरलं. तासाला १४. पहिला दिवस. १२:१७ ला ट्रक आला. कर्बी. मी आत पोत्यांमागे राहिलो. एमेट आला, खोकी चढवली, पुलावरून गेला. सगळं मे महिन्यातल्यासारखं. केक खायला मात्र कर्बी आत आला नाही.

एमेट संध्याकाळी मिठाची पोती न्यायला आला. मी विचारलं, कर्बीने पैशांचं काही ठरवलं का?

"ठरवायचं काय? पहिल्या शुक्रवारी गाडीतून उतरला आणि दोन वीस हातात ठेवले. त्याला सांगावं लागलं नाही." मग पोतं खांद्यावर घेत म्हणाला, "तूच एक होतास ज्याला सांगावं लागलं असतं."

शुक्रवार, ६ सप्टेंबर. दुपारी ४:१०.

पहिला पगार मिळाला. वॅनेटाबाईंच्या घरी जाऊन आलो. त्या म्हणाल्या, मी मागितले नव्हते. मी म्हणालो, ५ जानेवारी ते १९ जुलै, २९ शुक्रवार होतात. त्यांनी दोन नोटा घेतल्या आणि माझ्यासमोर मोजल्या. दोन नोटा, दोनदा. मग पर्समध्ये ठेवल्या.

हिशेब, आजपर्यंतचा. बेरीज तीनदा तपासली आहे.

दिलेले:
रॉस टिल्मनला रोख, ६१,०००.
रॉस टिल्मनला हप्ते, फेब्रुवारी ते ऑगस्ट, सात, १४,७००.
बँकेला हप्ते, तेही सात, ५,२९२.
ट्रकांची दुरुस्ती, ११,४८०. तिन्ही ट्रक आता त्याच्याकडे.
ट्रक कुठे आहे ते दाखवणारी तीन यंत्रं, ५६७. ट्रकांतच राहिली. फोनवर अजून दिसतं. कर्बीचा ट्रक रोज टर्की रनला बावीस मिनिटं उभा असतो. मी कोणाला कळवलेलं नाही.
एकूण ९३,०३९.

येणे:
रॉस टिल्मनकडून, किती ते लिहिता आलं नाही. कागदाप्रमाणे काहीच नाही. त्याच्या नावापुढे जागा रिकामी ठेवली आहे.

देणे:
बँक, आईच्या घरावर, ५८,६९०.
वॅनेटा क्रॉस, १,१६०. आज दिले ४०. बाकी १,१२०.